धबधबा पाहावा वैशाखात

पहिला जोरदार पाऊस झाला की गिरगावात धबधब्यांचे बेत सुरू होतात. खोताच्या वाडीतल्या व्हरांड्यांत आणि आसपासच्या चाळींच्या गॅलऱ्यांत नावं ठरलेली असतात: भिवपुरी, खोपोली, खारघरचा पांडवकडा, लोणावळा. मे महिन्यात मात्र धबधबा कुणाच्या मनातही येत नाही. शाळांना सुट्टी असते, मुलं मोकळी असतात, पहाटेची लोकल रिकामी मिळते. पण धबधब्याला पाणीच नाही तर तिथे जाऊन करायचं काय, या एका प्रश्नापाशी विषय संपतो. या लेखात मला नेमकं त्याच्या उलट मांडायचं आहे. भिजायचं असेल तर पावसाळा ठीक आहे. पण सह्याद्रीतला धबधबा कसा घडतो, त्याचं पाणी चार महिन्यांत कुठे नाहीसं होतं आणि त्या पाण्याशी आपल्या नळाचा संबंध काय, हे कळून घ्यायचं असेल तर एप्रिल-मेमधली दोन-तीन तासांची पायपीट जुलैच्या दहा सहलींपेक्षा जास्त शिकवते. त्यासाठी फार लांब जायलाही नको. खोताच्या वाडीतून चालत चर्नी रोड गाठावं, बोरिवली लोकल पकडावी आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीला जावं. पावसाळ्यात तिथल्या टेकड्यांमधून उड्या मारत जाणारा ओढा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत असतो, आणि आपल्या कामाचा असतो तो याच दिवसांत.

पाणी नसलेला धबधबा हा धबधबाच नव्हे, हा पहिला आक्षेप. त्याला उत्तर म्हणून अमेरिकेतली एक घटना पुरेशी आहे. नायगाऱ्याचे मुख्य धबधबे तीन आहेत. त्यांतल्या ‘अमेरिकन फॉल्स’च्या पायथ्याशी कड्यावरून कोसळलेल्या दगडांचा प्रचंड ढीग साचत चालला होता. कडा किती पोखरला गेला आहे आणि तो आणखी ढासळेल का, हे ठरवण्यासाठी १९६९च्या जूनमध्ये अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी वरच्या बाजूला तात्पुरता बांध घातला आणि ते पाणी दुसऱ्या धबधब्याकडे वळवलं. नोव्हेंबरपर्यंत अमेरिकन फॉल्स कोरडा होता. खडकातल्या भेगा तपासल्या गेल्या, छिद्रं पाडून नमुने काढले गेले, आणि हे चाललेलं असताना तो उघडा कडा पाहायला पर्यटकही आले. पाणी वाहत असताना या अभ्यासातलं काहीच जमलं नसतं. तिथे जे करायला बांध, यंत्रं आणि कित्येक महिने लागले, ते सह्याद्रीत दरवर्षी आपोआप होतं. ऑक्टोबरनंतर धारा बारीक होत जातात, फेब्रुवारी-मार्चपर्यंत बहुतेक ओढे आटतात आणि कडा पायथ्यापासून माथ्यापर्यंत उघडा पडतो. धबधबा म्हणजे मुळात खडकाचा एक विशिष्ट आकार आहे, आणि पाणी हे तो आकार कोरणारं हत्यार. हत्यार चालू असताना कोरीवकाम दिसत नाही.

हा खडक समजला की पुढचं बरंच उलगडतं. महाराष्ट्राच्या पाच भागांतले चार भाग बेसॉल्टने, म्हणजे आपल्या ओळखीच्या काळ्या कातळाने व्यापलेले आहेत. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतल्या लांबलचक भेगांमधून लाव्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. मग मधे काही काळ गेला आणि वर दुसरा थर आला. असे थरावर थर साचून आज दिसणारं दख्खनचं पठार झालं. आजही हा खडक सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. मुद्द्याची गोष्ट ही की यातला प्रत्येक थर वरपासून खालपर्यंत सारखा नसतो. लाव्हा थिजताना त्यातले वायू वर सरकतात, म्हणून थराचा माथा बुडबुड्यांनी सच्छिद्र होतो. पुढे त्या छिद्रांत पांढरी, हिरवट खनिजं भरतात. विहिरी खणणारे या ठिसूळ खडकाला मांजऱ्या म्हणतात. थराचा मधला आणि खालचा भाग मात्र घट्ट आणि कणखर असतो. दोन थरांमध्ये कुठे कुठे विटकरी रंगाचा मातकट पट्टाही सापडतो. दोन लाव्हांच्या मधल्या काळात वरचा खडक झिजून जी माती झाली, ती पुढच्या लाव्ह्याच्या धगीत भाजली गेली आणि तिचा हा पट्टा झाला. मे महिन्यात नेरळ-कर्जतच्या बाजूला लोकलच्या खिडकीतून डोंगराकडे पाहिलं तर हे सगळं आडव्या रेघांच्या रूपात समोर असतं: उभा काळा कडा, त्याखाली उतरत्या मातीची पट्टी, पुन्हा उभा कडा. पावसाळ्यात धुकं आणि हिरवाई या रेघा झाकून टाकतात.

धबधब्याची जागा या रेघांनीच ठरते. वरून आलेला ओढा कणखर थरावरून पुढे येतो आणि काठावरून खाली पडतो. खालच्या ठिसूळ थरावर पाण्याचा मारा, तुषार आणि वाहून आलेले दगड असं सगळं एकत्र आदळतं. तो थर भराभर झिजतो, कड्याखाली कपार तयार होते आणि वरचा कणखर भाग छज्ज्यासारखा अधांतरी राहतो. बेसॉल्ट थिजताना आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर, त्या सुमारे ६० मीटर उंचीच्या उभ्या खांबांत, त्या भेगांचं टोकाचं रूप पाहायला मिळतं. अधांतरी छज्जा अशाच उभ्या भेगांवरून तुटून खाली येतो, म्हणून कडा झिजत गेला तरी उभाच राहतो, कधी उतरता होत नाही. धबधबा मात्र असा एकेक तुकडा गमावत उगमाकडे, मागे सरकतो. नायगाराही याच रीतीने मागे सरकला आहे. तिथे कणखर चुनखडीचा थर वर आहे आणि मऊ शेलचा खाली, आणि गेल्या सुमारे १२ हजार वर्षांत त्याने ११ किलोमीटरची घळ मागे सोडली आहे. आपला कातळ याहून चिवट आहे आणि आपले ओढे वर्षातले चारच महिने काम करतात, त्यामुळे आपल्याकडची गती कितीतरी मंद. पण पांडवकड्यासारख्या सुमारे १०७ मीटर उंचीच्या कड्यासमोर उन्हाळ्यात उभं राहिलं की मागची कपार, पायथ्याशी पडलेले घराएवढे दगड आणि त्यांच्या धारदार कडा पाहून कुठला तुकडा अलीकडे निसटला आणि कुठला जुना, हे अंदाजाने सांगता येतं. ताज्या तुकड्याचा पृष्ठभाग निळसर काळा असतो, जुन्यावर तपकिरी गंज चढलेला असतो.

ओढ्याच्या तळात उतरलं की अजून बारीक तपशील सापडतात. कातळावर हात फिरवला तर उगमाकडची बाजू गुळगुळीत आणि उताराकडची खरखरीत लागते, कारण पाण्याबरोबर येणारी वाळू एकाच दिशेने घासत असते. जागोजागी वाटोळे खळगे असतात. कातळातल्या एखाद्या खोलगट जागेत गोटा अडकतो, भोवऱ्यात फिरत राहतो आणि ती जागा खोल करत जातो. तो झिजून संपला की दुसरा त्याची जागा घेतो. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रात याच रीतीने झालेले रांजणखळगे प्रसिद्ध आहेत, इतके मोठे की माणूस आत उतरू शकतो. साध्या ओढ्यातला खळगा वाटीएवढा किंवा घागरीएवढा असतो, पण त्यात हात घालून तळाची माती उकरली तर बरेचदा तो फिरणारा गोटा हाती येतो, अंड्यासारखा गुळगुळीत. हत्यार आणि त्याने केलेलं काम दोन्ही एकाच ठिकाणी सापडावं असं निसर्गात फार थोड्या जागी घडतं. दोन्ही काठांवर एका उंचीपर्यंत वाळलेल्या शेवाळाचा काळपट पट्टा असतो आणि त्याच्या वर खडक अचानक फिका होतो; नेहमीचं पाणी तिथवर येतं. त्याहूनही वर, काठच्या झाडांच्या फांद्यांत काटक्या, पालापाचोळा, प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या असतात. पुराचं पाणी तिथवर पोचलेलं असतं. हे अंतर एकदा नजरेने मोजलं की त्या ओढ्याविषयीचं मत कायमचं बदलतं.

आता प्रश्न पाणी जातं कुठे हा. कोकणात आणि घाटमाथ्यावर वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. मुंबईत दोन हजार मिलिमीटरहून अधिक, महाबळेश्वरला त्याच्या अडीच-तीन पट. इतकं पाणी पडूनही मार्चमध्ये ओढा कोरडा असतो, याचा दोष पुष्कळदा केवळ जंगलतोडीवर टाकला जातो. जंगल गेल्याने पाणी वेगाने वाहून जातं, माती धुपते आणि ओढा लवकर आटतो, हे खरंच आहे. पण राष्ट्रीय उद्यानातल्या दाट जंगलातले ओढेही उन्हाळ्यात आटतात, म्हणजे मूळ कारण आणखी खोलात आहे. ते कारण म्हणजे हा कातळच. घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी मुरायला जागा नसते. पाणी साठतं ते भेगांत, मांजऱ्यात आणि वरच्या मुरमात, आणि तेही खडकाच्या आकारमानाच्या जेमतेम दोन-तीन टक्के हाताला लागतं. उत्तरेच्या मैदानातल्या नद्यांच्या गाळाशी तुलना केली तर ही साठवण अगदी थोडी आहे. त्यात उतार तीव्र असल्यामुळे पडलेलं पाणी काही तासांतच समुद्राच्या वाटेला लागतं. जिथे हा खडक बदलतो तिथे चित्रही बदलतं. महाबळेश्वरच्या माथ्यावर जांभ्याचा जाड थर आहे, तो सच्छिद्र असल्यामुळे पाणी धरून ठेवतो, म्हणून तिथले झरे उन्हाळ्यातही झिरपत राहतात. भंडारदऱ्याजवळच्या प्रवरेवरच्या रंधा धबधब्याची कथा तिसरीच. त्याच्या वर १९२६मध्ये पूर्ण झालेलं विल्सन धरण आहे, तेव्हा उन्हाळ्यात रंधा वाहतो की नाही हे धरणातून शेतीसाठी सुटणाऱ्या आवर्तनावर ठरतं. मे महिन्यात एखादा धबधबा भरभरून वाहताना दिसला तर वर काय आहे, जांभा की धरणाचं दार, हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी.

हा कातळ पाणी धरत नाही, हे कान्हेरीत राहणाऱ्यांना दोन हजार वर्षांपूर्वी पक्कं ठाऊक होतं, आणि कान्हेरीला उन्हाळ्यातच जावं याचं माझ्या मते सर्वांत मोठं कारण हे आहे. इथे शंभरहून अधिक लेणी आहेत. पहिलं खोदकाम इसवी सनाच्या आरंभाच्या आसपासचं, आणि त्यानंतर जवळजवळ हजार वर्षं इथे भिक्षूंचा राबता होता. बहुतेक लोक तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह आणि तिथल्या मोठ्या बुद्धमूर्ती पाहून परततात. पण वर, टेकडीच्या अंगावर पसरलेल्या छोट्या विहारांकडे गेलं की जवळपास प्रत्येक दाराशी कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आढळतं. तोंड लहान, आत पोट मोठं, म्हणजे ऊन कमी लागावं आणि पाणी कमी उडावं. टाक्याच्या वर कातळाला बोटभर खोल पन्हळी कोरलेल्या आहेत; उतारावरचं पावसाचं पाणी त्या गोळा करून टाक्यात सोडतात. जुलैमध्ये सगळा डोंगरच वाहत असतो, त्यामुळे या पन्हळी कुणाच्या ध्यानातही येत नाहीत. मे महिन्यात कोरड्या कातळावर बसून एका पन्हळीचा माग काढत गेलं तर ती कुठल्या उतारावरून निघते, कुठे वळते, दारावर येणारं पाणी बाजूला कसं काढते आणि शेवटी कुठल्या टाक्यात उतरते हे अख्खं कळतं. आणि खाली ओढा कोरडा असताना काही टाक्यांत अजून पाणी असतं. इथल्या शिलालेखांत लेण्यांच्या दानाबरोबर पाण्याच्या पोढीच्या, म्हणजे टाक्याच्या, दानाचीही नोंद आहे. कल्याण, सोपारा अशा बंदरांतले व्यापारी आणि गृहस्थ भिक्षूंना राहायला खोली देताना तिच्यासोबत पाणीही देत होते. ज्या खडकात पाणी आपण होऊन मुरत नाही, त्यातच कोरलेल्या टाक्यात ते गळूनही जात नाही. खडकाचा दोष हाच त्याचा गुण करून घेण्याची ही युक्ती पुढे शिवकालातल्या किल्ल्यांवरही दिसते.

मुंबई शहराने हेच काम एकोणिसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर केलं. खोताची वाडी वसली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस, दादोबा वामन खोत यांच्या जमिनीवर. त्यांनी इथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना जागा विकल्या आणि त्यांची लाकडी, उतरत्या कौलांची घरं उभी राहिली. त्या काळी गिरगावच्या वाड्यांचा भरवसा विहिरींवर आणि तलावांवर होता. लोकवस्ती वाढत गेली तसं ते पाणी अपुरं पडलं. १८५४मध्ये टंचाई इतकी तीव्र झाली की शहराबाहेरून पाणी आणून भागवावं लागलं. त्यानंतर हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे १८५६मध्ये विहारचं काम सुरू झालं आणि १८६०मध्ये ते पूर्ण झालं. मग १८७९मध्ये तुळशी आणि १८९२मध्ये तानसा. विहार आणि तुळशी हे दोन्ही तलाव याच उद्यानाच्या टेकड्यांमध्ये आहेत. ओढ्यांचं जे पाणी चार महिन्यांत समुद्राला मिळालं असतं ते दरीत बांध घालून अडवलेलं आहे. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिवतापाच्या डासांमुळे शहरातल्या विहिरी झाकण्याची आणि बुजवण्याची मोहीम निघाली, आणि गिरगाव पूर्णपणे डोंगरातून येणाऱ्या नळाच्या पाण्यावर आलं. मलबार हिलवरच्या हँगिंग गार्डनच्या खाली जो जलाशय आहे, त्यातून हे पाणी गिरगावात उतरतं. आज मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची मिळून साठवण सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर आहे, आणि रोजचा पुरवठा सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर. भागाकार केला तर काठोकाठ भरलेला साठा जेमतेम एक वर्ष आणि थोडे दिवस पुरतो, आणि त्यात बाष्पीभवन धरलेलंच नाही. कान्हेरीतल्या एका विहाराचं टाकं आणि या सात तलावांमागचा हिशेब एकच आहे: एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत.

नळाप्रमाणे विजेचीही हीच गोष्ट. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस कोकणात कोसळताना जी शक्ती वाया जाते ती वापरावी, ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. १९१०मध्ये टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली आणि १९१५मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. लोणावळ्याच्या आसपासच्या तलावांत साठवलेलं पाणी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली आणायचं आणि त्यावर जनित्रं फिरवायची. परळ-लालबागच्या गिरण्या पुढची कित्येक दशकं या विजेवर चालल्या. सह्याद्रीतला खरा बारमाही धबधबा हाच, फक्त तो पोलादी नळात बंद आहे. त्याची किंमत कुणी मोजली हेही सांगायलाच हवं. टाटांच्याच मुळशी धरणाखाली मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार होत्या, आणि त्याविरुद्ध १९२१मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. धरण तरीही झालं. आज मे महिन्यात पाताळगंगेला पाणी असतं ते खोपोलीच्या वीजघरातून सुटलेलं, आणि कोलाडला कुंडलिकेवर उन्हाळ्यात सकाळी राफ्टिंग चालतं ते भिऱ्याच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर.

उन्हाळ्यात जाण्याच्या बाजूने अजून एक कारण आहे, आणि ते जिवाशी निगडित आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. अशा घटनांनंतर जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघतात आणि लोकांच्या बेफिकिरीवर चर्चा होते. बेफिकिरी असतेच, पण ओढा अचानक का फुगतो हे बहुतेकांना ठाऊक नसतं, हे मला त्याहून मोठं कारण वाटतं. एक चौरस किलोमीटरच्या छोट्या पाणलोटावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी १० कोटी लिटर होतं. कातळ ते पीत नाही, म्हणून त्यातलं बरंचसं थोड्याच वेळात एका अरुंद घळीत येतं. आपण उभे आहोत तिथे पाऊस उघडलेला असला तरी वरच्या बाजूला तो कोसळत असू शकतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नाही. गिरगावात बसून उपनगरात काय चाललं आहे याचा अंदाज येणं शक्य नव्हतं. ज्याने उन्हाळ्यात तोच ओढा कोरडा पाहिला आहे, डोहाची खरी खोली, पाण्याखाली लपणारी कपार, निसरड्या पायऱ्या आणि वर झाडांत अडकलेला कचरा पाहिला आहे, तो जुलैमध्ये कुठे उभं राहायचं आणि कुठे नाही हे कुणी न सांगता ओळखतो.

आता उन्हाचा आक्षेप, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. १६ एप्रिल २०२३ला खारघरमध्ये भर दुपारी उघड्या मैदानात झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. त्या वेळी मैदानातली माणसं कुणी डोंगर चढत नव्हती, बसून होती. कोकणपट्टीत पारा ३५-३६ अंशांवर थांबला तरी दमटपणामुळे घाम सुकत नाही आणि शरीर निवत नाही, म्हणून आकड्यावर विसंबू नये. उन्हाळी पायपीट म्हणजे सकाळी उद्यान उघडताच आत शिरणं आणि दहा-साडेदहाच्या आत सावलीत येणं. दरवाजापासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर आहे. लहान मुलं आणि वडीलधारे बरोबर असतील तर ते अंतर बसने जावं आणि चालण्याची ताकद ओढा आणि लेण्यांसाठी राखावी. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, सुती कपडे, आणि मीठ-साखरेचं पाणी किंवा कोकम सरबत. कान्हेरी सोमवारी बंद असते. पांडवकड्यासारख्या ठिकाणी वनखात्याचे निर्बंध बदलत असतात, तेव्हा चौकशी करूनच निघावं. आणि कोरड्या कड्याच्या अगदी पायथ्याशी बसू नये: १०७ मीटरवरून सुटलेला दगड पाचेक सेकंदांत खाली येतो आणि हवेचा अडथळा सोडला तर त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे १६५ किलोमीटर असतो.

सौंदर्याचा आक्षेप मला तितकासा पटत नाही, पण ज्यांना हिरवळच हवी त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. इतकंच सांगतो की मार्चमध्ये पळस आणि पांगारा फुललेले असतात, एप्रिलच्या अखेरीस अंजनीच्या फांद्या जांभळ्या-निळ्या होतात, बहावा लोंबत असतो, आणि मेमध्ये करवंदं आणि जांभळं पिकतात. यापेक्षा वजनदार आक्षेप प्राण्यांचा आहे. ओढा आटला तरी त्यातले दोन-चार डोह टिकून राहतात आणि जंगलातलं सगळं जीवन त्यांच्याभोवती गोळा होतं; वैशाखी पौर्णिमेच्या रात्री वनखातं पाणवठ्यांवर मचाण बांधून प्राण्यांची गणना करतं ते याच कारणाने. एखाद्या डोहाशी माणसांचा घोळका बसून राहिला तर चितळ, सांबर आणि बिबट्या यांना दिवसभर तहानलेलं राहावं लागतं. डोहात उरलेले मासे आणि बेडकांची पिल्लं पुढच्या पावसाळ्याचं बियाणं असतात, त्यात साबण किंवा खाण्याचं उरलंसुरलं पडलं तर तो डोह मरतो. म्हणून उन्हाळ्यात ओढ्याकडे जाणाऱ्याने पाणी असलेल्या जागेपासून दूरच राहावं, आवाज करू नये, आखलेली वाट सोडू नये आणि काडी ओढू नये. वाळलेल्या गवतात एका ठिणगीने लागलेला वणवा अख्खी टेकडी जाळतो, आणि उघड्या पडलेल्या त्या उतारावरची माती पहिल्याच पावसात ओढ्यात येते. हे पाळणं जमत नसेल तर जाऊच नये, हे मला मान्य आहे. पण वीस जणांच्या गोंगाटापेक्षा चार जणांची शांत, सकाळची फेरी जंगलाला कमी जड जाते, आणि ती करणं गिरगावातल्या कुठल्याही कुटुंबाला अवघड नाही.

राहिला दिवस निवडण्याचा प्रश्न. मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सरासरी तारीख ११ जून मानली जाते, पण २०२५मध्ये तो २६ मे रोजीच आला. त्याआधी वळवाच्या सरी येतात त्या वेगळ्याच, आणि वळीव बहुधा दुपारनंतर, डोंगराच्या अंगावर, थोड्या जागेत आणि जोराने कोसळतो. एका वळवानेही कोरडा ओढा तासाभरासाठी जिवंत होतो, आणि पहिल्या पावसात वाळलेलं शेवाळ ओलं झाल्यामुळे कातळ निसरडा असतो. म्हणून मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतची कुठलीही सकाळ निवडावी, त्यानंतर निघायचं असेल तर आदल्या रात्री हवामान खात्याचा अंदाज पाहावा, आणि दुपारी पूर्वेकडे ढग चढू लागले की ओढ्याचं पात्र सोडून काठावर यावं.